सायकलीच्या चाकांवर चाललेले वृंदगान

ब्रिटनच्या नैऋत्य टोकावरील लँड्स एन्डपासून स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाजवळील जॉन ओग्रोट्सपर्यंत सुमारे १,४०० किलोमीटर सायकल चालवायची आणि आप्तेष्ट, सहकारी, शेजारी यांच्याकडून त्यासाठी देणग्या मिळवायच्या, ही तिकडची रुळलेली प्रथा आहे. अशा मोहिमांच्या पैशावर स्मृतिभ्रंश झालेल्यांचे गायनवृंदही तग धरून असतात.

हे गायन म्हणजे निव्वळ वेळ घालवणे नव्हे. अल्झायमर झालेला माणूस सकाळचे जेवण विसरतो, क्वचित मुलांची नावेही. पण तरुणपणी पाठ झालेले गाणे अनेकदा शब्दासुरांसह म्हणतो. संगीताची जुनी स्मृती तुलनेने उशिरा झिजते. आजार त्याने हटत नाही, हे खरे. पण शुश्रूषेने थकलेल्या पत्नीला तासभर तरी नवऱ्याच्या शेजारी उभे राहून गाता येते. अल्झायमर्स सोसायटीचा ‘सिंगिंग फॉर द ब्रेन’ हा उपक्रम बर्कशायरमध्ये २००३ मध्ये सुरू झाला. २०१९ मध्ये बीबीसीने नॉटिंगहॅममधील अशाच एका वृंदावर अभिनेत्री विकी मॅक्लूरसह मालिका केली आणि विषय घरोघरी पोहोचला.

मोफत आरोग्यसेवेचा अभिमान बाळगणाऱ्या देशात यासाठी कुणाला पायडल का मारावे लागते? राष्ट्रीय आरोग्य सेवेत उपचार मोफत आहेत. रोजची शुश्रूषा मात्र बहुतांशी त्याबाहेर पडते. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असणाऱ्याने ती स्वखर्चाने घ्यायची, ही मर्यादा २०१० नंतर दीड दशक हललीच नाही. आयुष्यभराच्या या खर्चाला ८६,००० पौंडांची कमाल मर्यादा घालण्याची योजनाही २०२४ मध्ये गुंडाळली गेली.

गायन तर उपचारातही बसत नाही आणि शुश्रूषेतही. २०१९ च्या आराखड्यानुसार डॉक्टर समन्वयकामार्फत रुग्णाला अशा वृंदाकडे धाडू शकतात. समन्वयकाचा पगार आरोग्य सेवा देते. सभागृहाचे भाडे आणि पियानोवादकाची बिदागी बहुधा वृंदानेच शोधायची. गंमत अशी, की करदात्याने सायकलस्वाराला दिलेल्या प्रत्येक पौंडावर ‘गिफ्ट एड’ योजनेखाली सरकार २५ पेन्सची भर घालते. म्हणजे सरकारचा पैसा येतोच, पण तो गरजेमागून नव्हे, सायकलीमागून. सुखवस्तू उपनगरातील सायकलस्वाराला हजार पौंड जमवणे जड जात नाही. खाणी बंद पडलेल्या गावातही स्मृतिभ्रंश होतोच. तेथे देणगीची वही घेऊन कुणाच्या दारी जायचे?