नऊ महिन्यांचे वतन

ब्रिटनमधील सुमारे ५ लाख स्त्री-पुरुषांनी २००६ ते २०१० या काळात आपल्या रक्ताचे नमुने 'यूके बायोबँक' या संस्थेच्या स्वाधीन केले. पुढच्या पिढ्यांचे आजार कळावेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. संस्था उभी राहिली ती मुख्यतः सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद व वेलकम हा धर्मादाय न्यास यांच्या पैशावर. या माणसांच्या दुखण्याखुपण्याच्या नोंदी पुरविल्या सार्वजनिक आरोग्यसेवेने.

पुढे त्यांतील ५४ हजारांवर व्यक्तींच्या रक्तातील सुमारे २,९०० प्रथिनांचे प्रमाण मोजण्यात आले. रोग उघड होण्यापूर्वी कोणते प्रथिन वाढते, कोणते घटते आणि औषधाने नेमका कशावर घाव घालावा, हे अशा मोजणीतून उमगते. तिचा खर्च १३ औषध कंपन्यांनी उचलला आणि सर्व आकडे नऊ महिने केवळ आपल्यापाशी राहावेत, असा करार करून घेतला. इतर संशोधकांना ते २०२३ मध्ये मिळाले.

नऊ महिन्यांनी असे काय बिघडते, असे विचारणाऱ्यांनी पेटंटचा कायदा पाहावा. जो आधी अर्ज करील त्याचा हक्क, आणि तो २० वर्षांचा! नऊ महिन्यांची आघाडी दोन दशकांच्या मक्तेदारीत अशी रूपांतरित होऊ शकते.

कंपन्या नसत्या तर ही मोजणी तेव्हा झालीच नसती, हा युक्तिवाद मात्र अधिक प्रामाणिक आहे. परंतु मोजणी ही अखेरची पायरी होय. धरण लोकांनी बांधायचे, कालवा लोकांनी खणायचा आणि शेवटचे दार बसविणाऱ्याने पाण्याची पहिली पाळी घ्यायची, हा कोणता न्याय? शिवाय पाणी वापरल्याने संपते. माहिती संपत नाही. तिची टंचाई मुद्दाम निर्माण करावी लागते.

स्वीडनमध्ये २००३ पासून मानवी प्रथिनांचा नकाशा तयार होत आहे. त्यातील माहिती सर्वांना खुली आहे. त्याला पैसा पुरविणारा न्यास वॉलेनबर्ग या बड्या भांडवलदार घराण्याचा आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. जे एका भांडवलदाराच्या न्यासाला परवडते, ते ब्रिटिश सरकारला का परवडू नये?

जानेवारी २०२५ मध्ये याच संस्थेने ६ लाख नमुन्यांतील ५,४०० पर्यंत प्रथिने मोजण्याची नवी योजना जाहीर केली. या वेळी कंपन्या १४ आहेत, आणि सत्तेवर मजूर पक्ष होता.