पावडर, प्लॅन आणि पिझ्झा

मंडळी, आमच्या ग्रुपचा एक अलिखित नियम आहे. जो पहिल्यांदा 'अरे, जाऊया ना यार' म्हणतो, त्याच्याच गळ्यात एक्सेल शीट पडते. दर वेळी हा बकरा कोण होतो, हे तुम्ही ओळखलंच असेल. अस्मादिक!

येत्या फेब्रुवारीत पुन्हा गुलमर्ग ठरतंय. पुन्हा स्कीइंग. आणि या वेळी शीटच्या पहिल्याच ओळीत मी लाल रंगात लिहून ठेवलंय : 'आपली रजा बॉसने मंजूर केली. बर्फाने केली का?'

हसू नका. हे ज्ञान फुकटात मिळालेलं नाही.

गोष्ट 2024ची. आमच्या चौकडीतला आदी मार्चमध्ये टोरांटोला कायमचा शिफ्ट होणार होता. त्याआधी चौघांची एक ट्रिप मस्ट होती. गोवा चारदा झालेलं. मग कुणीतरी (मीच!) स्कीइंगचं पिल्लू सोडलं. आल्प्सचे रेट बघितले आणि लॅपटॉप मिटला. जपानच्या होक्काइडोतला पावडर स्नो म्हणजे जगात भारी, पण आमचे खिसे पुणे-मुंबईतले, होम लोनने आधीच हलके झालेले. तेवढ्यात शोध लागला की, ज्या पावडरसाठी परदेशी पब्लिक अर्धं जग ओलांडून येतं, ती आपल्याकडेच पडते. श्रीनगरपासून जेमतेम 50 किलोमीटरवर!

आता पावडर म्हणजे काय? मुठीत घेतला तर ज्याचा धड गोळाही होत नाही आणि फुंकर मारली की जो उडतो, तो कोरडा, हलका, ताजा बर्फ. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात पीर पंजालच्या डोंगरांना धडकतात आणि तिथल्या थंडीत त्यांच्यातली वाफ बर्फ होऊन उतरते. गुलमर्ग स्वतःच सुमारे 2,650 मीटरवर. तिथून गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडुरीपर्यंत आणि 2005मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा थेट अफरवटच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळपास. डोंगर चढायची कटकट नाही, केबिनमध्ये बसा आणि वर जा. सॉलिड ना?

प्लॅनिंग मी एकदम अभ्यासपूर्वक केलं होतं. काश्मिरात 21 डिसेंबरपासून 'चिल्लई कलां' सुरू होतो, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे 40 दिवस. म्हणून जानेवारीचा मधला आठवडा पकडला. लॉजिक कसं, एकदम खणखणीत! फक्त बर्फाने ते वाचलं नव्हतं. त्या जानेवारीत पेपरात फोटो छापून आले, ते गुलमर्गच्या तपकिरी, सुकलेल्या गवताचे. स्की उतारांवर अक्षरशः माती दिसत होती.

त्यानंतर व्हॉट्सॲपवर जे झालं, त्याला महाभारत म्हणणं हा महाभारताचा अपमान ठरेल. केतकीचं म्हणणं, पैसे भरलेत तर जाऊ, शिकारे बघू, वाझवान खाऊ. निख्या म्हणे, सगळं रद्द. आदी काहीच बोलत नव्हता आणि तेच जास्त टोचत होतं. शेवटी मी ठरवलं, पुढे ढकलायचं. हॉटेलने ॲडव्हान्स परत द्यायला अत्यंत गोड शब्दांत नकार दिला. विमानाच्या तारखा बदलायला पैसे गेले ते वेगळेच. पण जानेवारीच्या अखेरीला बर्फ सुरू झाला आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पोचलो, तेव्हा टनमर्गपासून वरचा सगळा रस्ता पांढरा होता. गाडीच्या चाकांना साखळ्या लावताना बघून आम्ही चौघंही शाळेच्या सहलीतल्या पोरांसारखे ओरडलो होतो.

पहिले तीन दिवस आम्ही काय केलं? पडलो. भरपूर पडलो. उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात, त्याच मऊ उतारांवर नवशिक्यांची शाळा भरते. "मॅडम, पिझ्झा बनाओ, पिझ्झा!" आमचे इन्स्ट्रक्टर चाचा ओरडायचे. म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखी. हाच ब्रेक. माझा पिझ्झा दर वेळी फाटायचा आणि मी अनोळखी काकांच्या अंगावर जाऊन थांबायचे.

आदीचं मात्र वेगळं होतं. कंपनीच्या कृपेने तो दोन हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये काढून आलेला. चौथ्या दिवशी त्याने अफरवटकडे बोट दाखवलं. सगळे जिथे जातात तो उतार नाही, त्याच्या पलीकडचा, कुणाच्याही खुणा नसलेला. चाचा मान हलवून एवढंच म्हणाले, "उधर नहीं, बेटा." गोंडोलाखालच्या मुख्य उतारावर स्की पेट्रोलचं लक्ष असतं. त्याच्या बाहेर डोंगर आपला आणि जबाबदारीही आपली. आदल्याच वर्षी, 1 फेब्रुवारी 2023ला, अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले होते.

आदी ऐकेना. "आता परत कधी येणार मी?" त्या वाक्यापुढे आम्ही तिघंही गप्प. कारण प्रश्न बर्फाचा नव्हताच, आम्हाला सगळ्यांना ते कळत होतं. शेवटी मीच नाही म्हणाले. तुझ्याकडे बीकन नाही, फावडं नाही, गाइड नाही. तू गेलास तर मी आत्ताच बॅग भरते. तो चिडला. रात्री जेवायला आला नाही. निघायच्या दिवसापर्यंत आमच्यात कामापुरतंच बोलणं होतं. शेवटची म्हणून ठरवलेली ट्रिप अशी संपली.

22 फेब्रुवारीला आम्ही आपापल्या ऑफिसात होतो. बातमी आली : गुलमर्गला मुख्य उताराबाहेर हिमस्खलन, एक रशियन स्कीअर ठार. ग्रुपवर दिवसभर कुणीच काही लिहिलं नाही. रात्री साडेअकराला आदीचा फोन आला. तो त्या विषयावर एक शब्द बोलला नाही. फक्त म्हणाला, "एअरपोर्टला सोडायला येशील ना?"

गेले. आईच्या हातच्या पुरणपोळ्यांचा डबा घेऊन.

तर आता तोच आदी टोरांटोहून येतोय आणि शीट पुन्हा माझ्याकडे आहे. तुमचाही विचार असेल, तर हे माझे स्वकमाईचे फंडे :

फंडा नं. 1 : तारखा लवचिक ठेवा. 2025मध्येही खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. रद्द करता येईल असंच हॉटेल घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

फंडा नं. 2 : दोन्ही बाजूंना एकेक दिवस मोकळा ठेवा. बर्फात श्रीनगरची विमानं रद्द होतात आणि वाऱ्यात किंवा हिमस्खलनाच्या भीतीने गोंडोलाचा वरचा टप्पा बंद राहतो. गोंडोलाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढा.

फंडा नं. 3 : स्की, बूट तिथे भाड्याने मिळतात. बूट नीट घालून, चालून बघा. हातमोजे आणि गॉगल मात्र स्वतःचे, चांगले न्या. जीन्स घरी ठेवा. ओली जीन्स म्हणजे शिक्षा.

फंडा नं. 4 : पहिल्या दिवसापासून इन्स्ट्रक्टर. यूट्यूब बघून कुणी स्कीइंग शिकत नाही. (निख्याने प्रयत्न केलाय.) विमा काढताना त्यात स्कीइंग धरलंय का, ते बारीक अक्षरात वाचा.

फंडा नं. 5 : मुख्य उताराबाहेर जायचंय? मग स्थानिक गाइड, बीकन, फावडं, प्रोब आणि त्या सकाळचा हिमस्खलनाचा इशारा. यातलं एक जरी नसेल, तर खाली बसून कहावा प्या. बेस्ट असतो.

एका प्रश्नाला फंडा नाही. एप्रिल 2025मध्ये पहलगामला जे झालं, त्यानंतर आई दर फोनला विचारते, "तिथेच जायचंय का?" तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही. परिस्थिती बघून शेवटच्या आठवड्यात नक्की करू, एवढंच सांगते. चाचांना मात्र मध्ये फोन लावला होता. म्हणाले, "आओ बेटा, बर्फ आएगी तो मैं फोन करूँगा."

परवा आदीने शीट उघडली. बघितलं, तर 'फावडं, प्रोब, बीकन' या ओळीपुढे त्याने स्वतःचं नाव लिहिलंय आणि खाली एक नवीन ओळ टाकलीये : 'चाचा नाही म्हणाले, तर नाही.'

लाल रंगात.