शिष्यवृत्ती म्हणजे खिरापत नव्हे

महाविद्यालयीन शिक्षणासाठी सरकारने अधिक अनुदान द्यावे असे कोणी म्हटले, की बडोद्यातील आपल्या जुन्या मराठी मंडळींत एक ठराविक आक्षेप उमटतो : फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही. हा आक्षेप इतरांनी खुशाल घ्यावा. आपल्या तोंडी तो शोभत नाही. आपल्या घराण्यांची प्रतिष्ठा ज्या विद्येवर उभी आहे, तिच्यात संस्थानच्या खजिन्याचा वाटा मोठा होता. बडोदा कॉलेज १८८१ मध्ये, कलाभवन १८९० मध्ये निघाले; १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचे व मोफत झाले. त्या वेळी आपल्या पणजोबांनी 'किंमत राहणार नाही' म्हणून मुलांना घरी बसविल्याचे ऐकिवात नाही.

सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. हे आपण व्याख्यानांतून अभिमानाने सांगतो. उत्तरार्धाशी मात्र आवाज खाली येतो. १९१७ मध्ये आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर त्यांना शहर सोडावे लागले. खजिन्याने दिलेले समाजाने पायाखाली तुडविले.

आज कारणे निराळी असली, तरी राहण्याखाण्याचा प्रश्न विद्यार्थ्याची वाट अडवितोच. खेड्यातून आलेल्या मुलाची फी माफ झाली, तरी खोलीचे भाडे आणि खाणावळीचे बिल उरते. गुजरात सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या युवा स्वावलंबन योजनेच्या नियमांत वसतिगृहासाठी दरमहा १,२०० रुपये धरले, तेही वर्षातील दहाच महिने. एवढ्यात शहरात कोण राहील?

कर्ज घ्यावे, असे सुचविले जाते. २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली विद्यालक्ष्मी योजना ठरावीक उत्पन्नाखालील कुटुंबांना व्याजात सवलत देते. मुद्दल मात्र फेडावेच लागते. ज्या घरातून प्रथमच कोणी महाविद्यालयाची पायरी चढणार, त्या घराला ही सवलत आधी दिसत नाही, कर्जाचा आकडा दिसतो.

अनुदान वाढले की खासगी संस्था फी वाढवितात, या आक्षेपात मात्र तथ्य आहे. म्हणून वाढीव रक्कम प्रथम सरकारी व अनुदानित महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना मिळावी. खासगी संस्थांना ती फीच्या मर्यादेखेरीज मिळू नये. फीची रक्कम प्रवेशाच्या वेळीच जमा व्हावी, आणि निर्वाहभत्ता त्या त्या शहरातील प्रत्यक्ष खर्चावरून ठरावा. वर्ष संपत आल्यावर हाती पडणारी शिष्यवृत्ती सावकाराचे देणे भागविते. तोवर पुस्तकांवाचून गेलेले वर्ष परत येत नाही.

महाराजांच्या जयंतीस आपण हार घेऊन जातो, ते योग्यच. परंतु त्यांच्या धोरणाचा लाभ पदरात पाडून घेऊन तेच धोरण दुसऱ्याच्या मुलाला लागू होताना नाके मुरडणे, ही कृतघ्नता होय.