चेरी टोमॅटोचं बी घरचं धरावं का?

मुंबईत दादरच्या भाजीबाजारात आणि क्रॉफर्ड मार्केटात बोराएवढा चेरी टोमॅटो डब्यात भरून विकला जातो. हॉटेलवाल्यांची मागणी असते, दरही साध्या टोमॅटोपेक्षा चढा. म्हणून बांधावर गेलं की विचारणा होतेच: संकरित बियाण्याचं पाकीट महाग पडतं, मग याच फळाचं बी पुढच्या हंगामाला धरलं तर काय बिघडलं?

कायद्याने काही बिघडत नाही. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ प्रमाणे आपल्या शेतातलं बी राखता, पेरता, देता-घेता, विकताही येतं. फक्त ब्रँड लावून विकायचं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने सूचनांसाठी काढलेल्या बियाणे विधेयकाच्या मसुद्यातही ही मुभा ठेवली होती. गावकारभाऱ्यांनी हे ग्रामसभेत सांगावं, उगाच भीती पसरते.

अडचण वेगळीच आहे. संकरित वाणाची पहिली पिढी एकसारखी येते, दुसरीत आई-बापाचे गुण फुटतात. समजा लीफ कर्लला दाद न देण्याचा गुण एकाच पालकाकडून आला असेल, तर घरच्या बियाण्याच्या शंभर रोपांतली साधारण पंचवीस त्या गुणाविना निघतात. फळही कुठे गोल, कुठे लांबट, कुठे तडकणारं. गिरगावच्या चाळीत गॅलरीतल्या कुंडीत लावणाऱ्याला ते चालतं, त्याला घरी कोशिंबीर करायची असते. तुमचा डबा मात्र दादरला व्यापारी उघडून बघतो आणि तिथेच भाव पाडतो.

दुसरं, दाद कुणाकडे मागणार? २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, अकोले, संगमनेर भागात टोमॅटोला धड रंग धरेना. ठपका बियाण्यावर आला. बंगळूरच्या फलोत्पादन संस्थेत नमुने तपासले तेव्हा मावा पसरवतो तो काकडी मोझेक विषाणू सापडला. असा वाद तालुका तक्रार निवारण समितीकडे नेताना पावती, लेबल, रिकामं पाकीट लागतं. घरच्या बियाण्याला पावती नसते.

तरीही घरचं बी हवंच असेल, तर सरळ वाण घ्या. मोठ्या फळात राहुरी विद्यापीठाचे धनश्री, भाग्यश्री आहेत. संकरितातूनच निवड करायची हौस असेल तर दोन ओळींवर करा, एकरावर नको. वाण स्थिर व्हायला सहा-सात पिढ्या जातात. दुसऱ्या टोमॅटोपासून २५ मीटर अंतर ठेवा. मोझेकची शंका असलेल्या झाडाचं बी मुळीच धरू नका, काही मोझेक विषाणू बियातूनही जातात.

फळ झाडावर पूर्ण पिकू द्या. गर पिळून काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात एक-दोन दिवस आंबवा, अधूनमधून ढवळा. मग भरपूर पाण्यात धुवा. तरंगणारं बी टाका, बुडालेलं सावलीत ताटलीवर सुकवा. कागदावर सुकवलं तर ते चिकटून बसतं. डबीवर वाण आणि तारीख लिहा, पेरणीआधी शंभर बिया ओल्या फडक्यात घालून उगवण मोजा.