१२ ते ३ घरात बसा – पण कुणाच्या घरात?

उन्हाळा आला की ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक कागद लागतो. दरवर्षी तोच. दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका. तहान नसली तरी पाणी प्या. सैल, सुती, फिकट रंगाचे कपडे घाला. सावलीत राहा. पेणच्या खारेपाटातल्या एका गावात आमची बैठक चालू होती, तेव्हा एका ताईने हा कागद मोठ्याने वाचला आणि बायका हसायलाच लागल्या. मागे बसलेली एक आजी म्हणाली, “अगो, यो कागद लिवलाय कोनासाठी?”

आजीचा प्रश्न सोपा आहे. तो कुणी विचारत नाही, एवढंच.

आधी इथल्या हवेबद्दल सांगायला हवं, कारण बाहेरून येणाऱ्याला ती कळत नाही. होळीच्या आगेमागे, अगदी एप्रिलपर्यंत, पेण-रोह्याकडची सकाळ पुष्कळदा धुक्यात उजाडते. रात्री आभाळ मोकळं, जमीन भराभर निवते आणि धरमतरच्या, कुंडलिकेच्या खाडीवरून आलेली ओल शेतांवर बसते. सात वाजता समोरचा माणूस दिसत नाही. मुंबईहून गाड्या घेऊन येणारे लोक रस्त्याकडेला थांबून फोटो काढतात. नऊ वाजता धुकं फाटतं, आणि मग बघता बघता असं ऊन लागतं की सकाळी शाल पांघरली होती यावर विश्वास बसू नये.

शाळेत आपण मतलई वारे आणि खारे वारे शिकलो. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे. या दिवसांत पूर्वेकडून डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्याला जोर असला की खारा वारा दुपार कलेपर्यंत आत शिरतच नाही, हे मात्र शाळेत कुणी सांगितलं नाही. अलिबागच्या किनाऱ्यावर पदर उडत असतो, तेव्हा रोह्याला झाडाचं पान हलत नाही. कुंडलिकेच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या भिऱ्याला २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं. मार्च महिना, कोकणातला जिल्हा आणि साडेशेहेचाळीस! त्या आकड्याबद्दल शंकाही घेतल्या गेल्या. यंत्राची चर्चा झाली, भिऱ्याच्या बायकांची झाली नाही.

इशारा येतो तो ‘रायगड जिल्हा’ म्हणून. किनारा, खाडी, डोंगराचा पायथा, सगळं एका रंगात.

आता धुक्याचा हिशोब मांडूया. पेणचे पोह्याचे पापड आणि मिरगुंडं मुंबई-पुण्याच्या दुकानांत जातात. पाकिटावर गृहउद्योग असं छापलेलं असतं. ज्या गृहात तो उद्योग चालतो तिथली बाई किलोवर मजुरी घेते. पहाटे उठून ती पीठ कुटते, लाट्या करते, लाटायला बसते. पण दहिवर पडत असताना वाळवण घालता येत नाही. पापड नरम पडतो, बुरशी धरतो, आणि खराब माल परत आला तर तो तिच्या माथी. म्हणजे धुकं फाटेपर्यंत थांबायचं आणि मग ऊन डोक्यावर आलं की वाळवण घालायचं, उलटायचं, राखायचं, उचलायचं. सकाळचे गार तास धुकं खातं. उरलेलं काम बरोबर त्या कागदावरच्या १२ ते ३ मध्ये जाऊन पडतं. (वाल काढणारीला मात्र दहिवर हवं असतं, कारण कोरड्या उन्हात शेंगा फुटून दाणे सांडतात. ती अंधारात शेतावर जाते. निसर्ग सगळ्यांशी सारखाच वाईट वागतो असंही नाही.)

वीटभट्टीवर याहून वाईट. कातकरी कुटुंब पावसाळा संपता संपता उचल घेतं आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत ती फेडत राहतं. मजुरी हजार विटांमागे, आणि धरतात ती ‘जोडी’. जोडी म्हणजे नवरा-बायको, पण हिशोबाच्या वहीत नाव नवऱ्याचं. धुक्याच्या सकाळी कच्ची वीट वाळत नाही, थर लावता येत नाही. तो उशीर दुपारी भरून काढावा लागतो. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली बंद झाली म्हणतात. मग भट्टीवरच्या बाईला सांगून बघा की ताई, १२ ते ३ काम बंद ठेव. तिची उचल तेवढे तास बंद राहते का?

आता त्या कागदातला सगळ्यात मोठा खोटेपणा. कागद धरून चालतो की बाहेर ऊन आहे आणि घरात सावली आहे. हा पुरुषाने लिहिलेला कागद आहे, आणि तोही पंखा असलेल्या पुरुषाने. बाईच्या घरावर पत्रा आहे, पत्र्याखाली चूल आहे आणि चुलीपुढे ती आहे. दुपारचं जेवण काय सावलीत बसून आपोआप होतं? बाहेर काम करणारा निदान झाडाखाली जाऊन बसतो. कुणी त्याला आळशी म्हणत नाही. घरातली बाई भरदुपारी ओटीवर नुसती बसली तर काय ऐकावं लागतं, ते आपल्याला माहीत आहे. घरात राहा, हा उन्हापासून बचावाचा सल्ला म्हणून बाईला देणं म्हणजे भट्टीतून काढून चुलीत घालणं.

आणि पाणी प्या! कुठलं? हेटवणे धरण पेण तालुक्यात आहे आणि त्याचं पाणी नवी मुंबईच्या नळांना जातं. खारेपाटातल्या बायका एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. याच धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सप्टेंबर २००८ मध्ये सेझवर सार्वमत झालं होतं. तेव्हा सरकारला आपण दिसलो, कारण आपल्याकडे जमीन होती. हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे बघायला कोण येतं? दुसरी गोष्ट बायका पुरुषांसमोर बोलत नाहीत, म्हणून इथे लिहिते. भट्टीवर, शेतावर, बाजारात बसायच्या जागी मुतारी नाही. म्हणून बाई पाणी पीत नाही. सकाळी एक पेला घेते तो थेट संध्याकाळी. मग लघवीला जळजळ, चक्कर, ताप. डॉक्टर विचारतात, पाणी कमी पिता का? हो, कमी पितो. बसायचं कुठे, ते सांगा.

१६ एप्रिल २०२३ ची खारघरची दुपार आठवा. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडं मैदान, लाखोंची गर्दी. मंचावर छप्पर होतं, समोर बसलेल्यांच्या डोक्यावर काही नव्हतं. जवळच्या केंद्रावर तापमान ३८ अंशांच्या आसपास नोंदलं गेलं. उष्माघाताने १४ माणसं गेली, त्यात बायका जास्त. त्या बायकांच्या श्रद्धेवर मला एक शब्दही बोलायचा नाही. त्या ज्या विश्वासाने गेल्या, त्या विश्वासाला सावली द्यायची जबाबदारी बोलावणाऱ्यांची होती. मृतांच्या वारसांना पाच-पाच लाख जाहीर झाले. काही दिवसांत सरकारने असंही जाहीर केलं की उन्हाचा कडाका असेपर्यंत दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम होणार नाहीत. म्हणजे दुपारी भाषण करणं धोक्याचं आहे हे सरकारला मान्य आहे. त्याच दुपारी, त्याच जिल्ह्यात विटा वाहणं धोक्याचं आहे का, हे कुणी बोललं नाही.

आणि ३८ अंश म्हणजे आकड्यांच्या भाषेत फार नव्हे. हवामान खात्याच्या मोजणीत मैदानी भागात पारा निदान ४० वर गेल्याशिवाय उष्णतेची लाट धरत नाहीत. किनारपट्टीला ही मर्यादा ३७ आहे, शिवाय तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवं. पण आपल्याकडे माणूस नुसत्या पाऱ्याने मरत नाही, दमटपणाने मरतो. घाम वाळला तर अंग निवतं. ज्या हवेत सकाळी धुकं धरण्याइतकं पाणी असतं, त्या हवेत दुपारी घाम वाळायचा कसा? ३५ अंशांना विदर्भातली बाई म्हणेल आज बरं आहे. पेणची बाई त्याच ३५ ला उलट्या करते, आणि कागदोपत्री त्या दिवशी लाट नसते.

खारघरला माणसं गेली तेव्हा केंद्राच्या आपत्तींच्या यादीत बारा आपत्ती होत्या. भूकंप, पूर, चक्रीवादळ, टोळधाडीसारखे किडीचे हल्ले, हिमस्खलनसुद्धा. थंडीची लाट होती. उन्हाची नव्हती. यादी करणारे कुठल्या ऋतूत बसले होते कोण जाणे.

हा विषय मी चळवळीतल्या एका पुरुष कार्यकर्त्याकडे काढला तेव्हा तो म्हणाला, “अहो ताई, ऊन सगळ्यांना सारखंच लागतं. हवामान काय बाईचा प्रश्न आहे?” हे वाक्य आपण पूर्वीही ऐकलंय. दुष्काळ सगळ्यांनाच असतो, मजुरी सगळ्यांनाच कमी आहे, दारूचं काय घेऊन बसलात! ऊन सारखं पडतं, मान्य. कोण किती वेळ उन्हात राहील, कोण पाणी पिणार, कोण बसू शकणार आणि कुणाच्या कामाला काम म्हणणार, हे ऊन ठरवत नाही. पापडवाला ठेकेदार म्हणतो, “ती घरीच तर असते, सवडीने करते.” कारखान्यांसाठी १९४८ साली कायदा झाला आणि आत हवा किती, उष्णता किती, याचा विचार त्यात झाला. धाटावच्या कारखान्यातल्या कामगाराला निदान त्या कायद्याकडे बोट दाखवता आलं. घरी लाटणारी बाई त्या कायद्याच्या दारातसुद्धा कधी उभी राहिली नाही.

मागायचं काय, यावर आमच्यात एकमत नाही, आणि ते लपवण्याचं कारण नाही. काही जणींना वाटतं विमा हवा. गुजरातमध्ये ‘सेवा’ संघटनेने ठराविक तापमानाच्या वर पारा गेला की बुडालेल्या मजुरीपोटी बायकांच्या खात्यात पैसे जमा होतील असा विमा आणला. २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो बायकांना तो मिळाला. चांगलंच आहे. पण तो नुसत्या पाऱ्यावर बांधला तर खाडीकाठच्या दमट दिवसाला काय मिळणार? आणि ज्याच्या मालासाठी ती उन्हात बसते, त्या मालकाच्या खिशाला हात लागणार की नाही? माझं मत असं की आधी नगाच्या आणि किलोच्या मजुरीत उन्हाळ्याचा वाढीव दर बसला पाहिजे. धुक्यात गेलेला वेळ आणि उन्हात बंद ठेवलेला वेळ दोन्ही कामाचे धरले पाहिजेत. भट्टीवर जोडीच्या हिशोबात बाईचं वेगळं नाव हवं. सावली, पाणी आणि पाळणाघर या गोष्टी रोजगार हमीच्या कामांवर बायकांनी भांडून मिळवल्या होत्या. तिथे ज्या चालल्या त्या भट्टीवर का चालू नयेत? आणि मुतारी. तिच्याशिवाय ‘पाणी प्या’ हा सल्ला छापू नये.

खारेपाटातल्या त्या बैठकीत आम्ही एक वही सुरू केली. रोज चार गोष्टी लिहायच्या: धुकं किती वाजता गेलं, काम किती वाजता लागलं, पाणी किती वेळा प्यायलं, आणि किती वेळा जाता आलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या मुली लिहितात. पहिल्या आठवड्यात शेवटच्या रकान्यात बहुतेकींनी ‘एकदा’ लिहिलं. आजीने आपला रकाना रिकामाच ठेवला. म्हणाली, “यो पन त्या कागदवाल्यालाच इचारा.”

रोह्याच्या मैत्रिणींनी, आणि किनाऱ्यावर जवळा-बोंबील वाळवणाऱ्या बायकांमध्ये काम करणाऱ्या गटांनीही, मेअखेरपर्यंत अशा वह्या ठेवाव्यात. जूनच्या बैठकीला त्या घेऊन या. मग जिल्हाधिकाऱ्यांकडे जाताना तो फळ्यावरचा कागदही बरोबर नेऊ.