पंखा उतरवताना घण नको

1 जून ते 31 जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारी बंद असते. मिरकरवाडा, हर्णै, करंजा इथल्या बोटी वर ओढून शाकारल्या जातात. बोटीचा तळ कोरडा आणि हाताशी असण्याचे वर्षातले हेच 61 दिवस. रंगकाम होते, इंजिन खोलले जाते, जाळी विणून होतात. पंखा मात्र बहुतेकदा शेवटच्या आठवड्यासाठी राहतो. बोट पाण्यात लोटायची घाई सुरू झालेली असते आणि मग कामाला येतात घण आणि गॅसची ज्योत. या दोन्हींमुळे होणारे नुकसान त्या दिवशी दिसत नाही. ते ऑगस्टच्या उधाणात, किनाऱ्यापासून कित्येक मैल आत दिसते.

इंजिन बोटीच्या पोटात असते आणि तिथून निघालेला शाफ्ट तळातून बाहेर येतो. त्याचे टोक निमुळते असते आणि पंख्याच्या हबचे भोकही त्याच मापाने निमुळते कातलेले असते. हे दोन पृष्ठभाग एकमेकांत घट्ट बसतात आणि त्या घर्षणावरच इंजिनाचा जोर पंख्यापर्यंत पोहोचतो. बोट पुढे जाताना पाण्याचा दाब पंख्याला त्या निमुळत्या भागावर आणखी आत रेटतो. खाचेतली चावी आधाराला असते. नटाची खरी कसोटी लागते ती बोट मागे घेताना. हे एकदा नीट समजले, की पंखा काढण्याबसवण्याचे सगळे नियम आपोआप समजतात.

काढताना आधी कॉटर पिन काढावी आणि नट सैल करावेत, पण पुरते काढू नयेत. एक नट दोनचार आट्यांवर राहू द्यावा. वर्षभर दाबून बसलेला पंखा सुटतो तेव्हा तो हळूहळू सरकत नाही, धाडकन उडतो. मोठ्या ट्रॉलरचा पितळी पंखा अंगावर आला तर पाय वाचत नाही. त्यानंतर पुलर लावावा, म्हणजे हबला मागून धरून शाफ्टच्या टोकावर रेटा देणारे साधे स्क्रूचे अवजार. ताण देऊन थांबावे. सुटला नाही तर रात्रभर ताणावरच ठेवावे. पुष्कळदा सकाळी एका ठोक्यात काम होते. हबला गरम करायचेच असेल तर सगळीकडून सारखे आणि बेताने करावे. पितळ पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे थोडी ऊब पुरते. एकाच जागी ज्योत धरली तर धातूचा कस जातो आणि शेजारचे रबरी बेअरिंगही जळते.

शाफ्टच्या टोकावर घण घातला तर आटे चेपतात आणि धक्का सरळ गिअरबॉक्सच्या बेअरिंगपर्यंत जातो. पात्यावर घातला तर पाते वाकते. एका पात्याचा पीळ बाकीच्यांपेक्षा किंचित वेगळा झाला तरी सगळी बोट थरथरते. मग शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या ग्लँडची डोरी लवकर झिजते, तळात पाणी येऊ लागते आणि डिझेल जास्त जळते.

उतरलेला पंखा धुऊन उजेडात बघावा. पंख्यासाठी वापरतात त्या मिश्रधातूत तांब्याबरोबर बरेच जस्त असते आणि खाऱ्या पाण्यात ते जस्त आधी निघून जाते. पिवळ्या पात्यावर तांबूस, गुलाबीसर डाग दिसले तर ते हेच. टकटक करून ऐकावे. धडधाकट पाते खणखणते, पोकळ झालेले बद्द वाजते. असा पंखा पुन्हा बसवणे म्हणजे तो समुद्रात सोडायला नेणे. शाफ्टवरचा जस्ताचा ठोकळा निम्मा झिजला असेल तर तोही बदलावा, कारण धातू वाचवण्यासाठी स्वतः झिजणे हेच त्याचे काम. जहाजांच्या तळावरचे तांबे असे वाचवण्याची युक्ती रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये मांडली, ती आजही तितकीच चालते. ठोकळ्यावर रंग मात्र मारू नये. रंगवलेला ठोकळा काहीच वाचवत नाही.

बसवण्यात सगळ्यात जास्त चूक होते ती चावीची. आधी चावी न घालता पंखा निमुळत्या भागावर सरकवावा आणि हब कुठवर येतो तिथे शाफ्टवर खूण करावी. मग चावी घालून पुन्हा सरकवावा. हब खुणेपर्यंत आला नाही तर चावी उंच आहे आणि पंखा तिच्यावर चढून तिरपा बसला आहे. अशा वेळी नट कितीही आवळला तरी उपयोग नाही. चावीच घासून कमी करावी. नवा पंखा असेल तर शाफ्टला निळा रंग पातळ लावून भोक किती भागावर टेकते ते तपासावे. 70 टक्क्यांहून कमी टेकत असेल तर घासायची पेस्ट लावून दोन्ही पृष्ठभाग जुळवून घ्यावेत. दोन नटांपैकी पातळ नट आधी आणि जाड नट बाहेर लावावा, कारण दुसरा आवळल्यावर भार त्याच्यावर जातो. आपल्याकडे अनेक बोटींवर हे उलट दिसते. कॉटर पिन दरवेळी नवी घालावी.

व्यास, पीच आणि फिरण्याची दिशा हबवर कोरलेली असते. जास्त ओढ मिळेल म्हणून मोठा पंखा बसवण्याचा मोह टाळावा. पूर्ण थ्रॉटलला इंजिन ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नसेल आणि काळा धूर येत असेल, तर पंखा इंजिनाला झेपत नाही.

शेवटची तपासणी बोट पाण्यात गेल्यावर करायची असते. जमिनीवर टेकवलेली लाकडी बोट किंचित वाकते आणि तरंगू लागली की पुन्हा सरळ होते. म्हणून शाफ्ट आणि गिअरबॉक्सच्या जोडावरची फट फिलर गेजने तरंगत्या बोटीवरच मोजावी. जोडाचा व्यास चार इंच असेल तर चार थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त फरक चालत नाही.

हे ज्ञान आपल्या बंदरांवरच्या जुन्या मिस्त्रींकडे आहे. कमी आहे ते साधन आणि सवड. चांगला पुलर एका बोटमालकाला वर्षातून एकदाच लागतो, म्हणून तो कोणी विकत घेत नाही. मच्छीमार सहकारी संस्थांनी प्रत्येक बंदरावर मापाचे दोनतीन पुलर, फिलर गेज आणि एक जाणता माणूस ठेवावा आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यातच बोटींचे पंखे तपासायला घ्यावेत. येत्या हंगामापूर्वी हे करायला कुठल्याही सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.