फुलबागेतील अळी

संयुक्त अरब अमिरातीत उन्हाळ्याची काहिली ओसरली, की अंगणांत व सज्ज्यांतील कुंड्यांत झेंडू, पिटुनिया, सदाफुली बहरू लागतात. त्यांच्यामागोमाग अळ्याही येतात. पाने चाळणीसारखी झालेली पाहून गृहस्थाचा हात जहाल औषधाकडे जातो. परंतु ज्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांत खोडकिडीशी झगडले, त्यांस निराळे सांगावयास नको की, शत्रू ओळखल्यावाचून शस्त्र उचलणे व्यर्थ होय.

कण्हेरीवर व सदाफुलीवर आढळणारी, शेपटाशी शिंग व पुढील अंगावर दोन निळे डोळे मिरविणारी हिरवी अळी एका देखण्या पतंगाची होय. कण्हेरीचे विष तिला बाधत नाही; माणसास मात्र बाधते, म्हणून ती हातमोजे घालूनच वेचावी. कढीपत्त्यावरील व लिंबावरील अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पुढे हिरवी होते व डिवचल्यास लाल शिंगे बाहेर काढते. तिचेच काळ्या पंखांवर पिवळसर ठिपक्यांचे फुलपाखरू होते. अशा अळ्या बहुधा मोजक्याच असतात. एखादे रोप त्यांच्यासाठी राखावे व इतर रोपांवरील अळ्या उचलून त्यावर सोडाव्यात.

खरा उपद्रव रात्री पाने खाऊन दिवसा मातीत दडणाऱ्या अळ्यांचा. पानांमागील अंड्यांचे पुंजके चिरडावेत आणि रात्री दिवा घेऊन अळ्या वेचाव्यात. तेवढ्याने न भागल्यास निंबोळीचा अर्क फवारावा. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली असता कडुनिंब तेवढा हिरवा राहिलेला जर्मन शास्त्रज्ञ श्मुटेरर यांनी पाहिला, आणि आजीच्या धान्याच्या कणगीतील पाल्याकडे विज्ञानाचे लक्ष गेले.

दुसरा उपाय 'बीटी' या जिवाणूचा. जपानमध्ये १९०१ साली इशिवाता यांस तो आजारी रेशीमकिड्यांत आढळला. त्याचे विष अळीच्या पोटातील क्षारात विरघळून आतडे फाडते. माणसाच्या पोटात तसे घडत नाही. उन्हाने त्याचा प्रभाव जातो, म्हणून तो सायंकाळी व अळ्या लहान असतानाच फवारावा. तथापि फुलपाखराची अळीही त्याने मरते. सबब फवारा रोगट रोपापुरताच असावा.

ज्या सज्ज्यात मुले खेळतात व ज्या कढीपत्त्याची पाने फोडणीत पडतात, तेथे जहाल विषास थारा नसावा. दुबईत २०१३ साली फुलांचे भव्य उद्यान उघडले, आणि २०१५ साली त्याच्या शेजारीच फुलपाखरांचे. घरच्या बागेतही हा शेजार राखता येतो. त्यासाठी चार पाने कुरतडलेली सोसावी लागतात, इतकेच.